धुऱ्यावरच्या वीस बिया

मानीबाईच्या तोंडात दोन गोष्टी कायम असत. एक तंबाखूची चिमूट आणि दुसरा 'काहून?' हा शब्द. लग्न होऊन तांड्यावर आली त्याच महिन्यात सासऱ्यानं आजारी बैलाला डाग दिला, तर नवी नवरी पदराआडून म्हणाली, डावीकडंच काहून? सासरा मरेपर्यंत ती गोष्ट पाहुण्यांना सांगून हसत असे. आता मानीबाईची पन्नाशी उलटली होती, दोन्ही पोरी नांदायला गेल्या होत्या, पण सवय काही गेली नव्हती.

बंजाऱ्यांचा हा तांडा घाटंजीच्या बाजारापासून दोन तासांच्या पायवाटेवर, टेकडीच्या पोटाशी. त्या वर्षी कपाशी कमरेला लागली, बोंडांनी झाडं वाकली, आणि दिवाळी झाल्यावर एक बोंड धड फुटेना. ज्यात त्यात गुलाबी अळी. फवारणी करता करता माणसं दवाखान्यात गेली ती त्याच साली. धावजीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तीन एकरांतली पऱ्हाटी उपटून वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, तिचा ढीग घातला. दरवर्षी त्या दिवसांत वेचणीला बाया पुरत नसत. यंदा बाया होत्या, वेचायला कापूस नव्हता.

म्हणून मानीबाई रत्नप्रभाबाईंच्या रानात कामाला गेली.

रत्नप्रभाबाई यवतमाळच्या. तीस वर्षं कचेरीत टेबलामागं बसलेल्या, नवरा गेलेला, पोटी कुणी नाही. निवृत्त झाल्यावर शहरातलं घर भाड्यानं दिलं आणि इथं चार एकर पडीक घेऊन त्या एकट्या येऊन राहिल्या. वावरात नांगर घालत नाहीत, पाला जाळत नाहीत, फवारणीचा पंप औषधालाही नाही. उतारावर आडव्या चऱ्या खणलेल्या, न्हाणीचं पाणी केळीत सोडलेलं, केळीखाली अळू, कुंपणाला करवंद. एका बाजूला हिरव्या जाळीच्या शेडखाली थैल्यांत रोपं: सीताफळ, शेवगा, हिरडा, बिबा. गावातले लोक त्याला 'बाईचं जंगल' म्हणत आणि म्हणताना डोक्याजवळ बोट फिरवत.

पहिल्या दिवशी मानीबाईला काम मिळालं झाडांच्या बुडाशी पाला पसरवायचं.

"हा पाला काहून पसरवता, बाई?" तिनं विचारलं. "जाळून टाका न. साप बसन त्यात."

"गेल्या वर्षीचा आहे ना, त्यात हात घालून पाहा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

मानीबाईनं हात घातला. वर करकरीत कोरडं, चार बोटं खाली ओल. आणखी खाली थंडगार. बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं, तर गांडूळ. पौषाच्या उन्हात शेजारच्या वावराला भेगा पडल्या होत्या आणि इथं गांडूळ! ती तशीच उकिडवी बसून राहिली. हात बाहेर काढी, नाकाला लावी, पुन्हा घाली.

"अवं माने," गावातली हंसाबाई शेडमधून ओरडली, "थैल्या का तुही सासू भरन?"

हंसाबाई दोन वर्षांपासून तिथं होती. तिनं मानीबाईला शिकवलं. दोन टोपली लाल माती, एक टोपलं वाळू, एक कुजलेलं शेणखत. माती चाळायची, थैलीत भरून दोन बोटांनी दाबायची, पण ठासायची नाही. दिवसाला तीनशे थैल्या झाल्या की नखांच्या कडा फाटत, रात्री भाकरीचं पीठ मळताना चरचरत. दुपारी रत्नप्रभाबाई स्वतः चहा करून आणत. हंसाबाईला घरातल्या कपात. मानीबाईचा कप शेडच्या खिळ्याला टांगलेला. "हा तुमचाच बरं का," असं बाई गोड बोलून सांगत. मानीबाईनं त्याबद्दल मात्र कधी 'काहून' विचारलं नाही. ते उत्तर तिला माहीत होतं.

बाकी सगळं ती विचारी. शेवग्याला कांडी लावता तर सीताफळाला बी काहून? थैलीला भोकं खालीच काहून नाही, बाजूला काहून? रत्नप्रभाबाईही न कंटाळता सांगत. कचेरीत तीस वर्षं त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, फक्त सही मागितली होती.

माघ लागला तेव्हा बाईंनी एक डबा उघडला. आत मिरीएवढ्या, तपकिरी, टणक बिया, गेल्या साली दुकानातून आणलेल्या.

"चार हाये ह्ये," मानीबाई लगेच म्हणाली. "आतून चारोळी निंघते."

"तीन वर्षं झाली, एक उगवत नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "कोमट पाण्यात भिजवलं, शेणात ठेवलं, पुस्तकात आहे ते सगळं केलं. टेकडीवरची झाडं लोक फांद्या तोडून तोडून संपवत आणली. अजून दहा वर्षांनी इथं चाराचं झाड दिसणार नाही."

त्यांनी बिया पेरल्या. चाळीस दिवस पाणी दिलं. काही नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी मानीबाईनं नखानं एक बी उकरली, दाताखाली फोडली आणि थुंकली.

"खवट झालं. बी बुढं हाये, बाई. पारसालचं म्हनता, पन दुकानदारानं कव्हाचं देल्लं कोन जाने. नव्या चारा पाह्यजे. उन्हायात पिकतात."

"तुम्हाला माहीत आहेत झाडं?"

"लहानपनी त्याच्यावरच तर पोट भरे आमचं."

वैशाखात मानीबाई आणि हंसाबाई तांबडं फुटायच्या आत टेकडी चढल्या. दगड रात्रभर थंड झालेले नव्हते, चपलेतून धग लागे. झाडं राहिली होती ती कड्याच्या बाजूला, जिथं कुऱ्हाड पोचत नव्हती. काळीजांभळी फळं वानरांनी अर्धी खाल्लेली. हंसाबाई वेचत होती आणि मानीबाई भलतीकडंच, खडकाच्या फटीत तोंड घालून बसली होती.

"काय हाये तिथीसा? विंचू?"

"रोप हाये व. आपल्या मनानं उगोलं." मानीबाईनं बोट लावलं. गेल्या पावसातलं असावं, चारच पानं. बुडाशी बीचं वाळकं टरफल पडलं होतं. तिनं ते तळहातावर घेतलं. दोन वाट्या, शिवणीवर उसवल्यासारख्या सरळ उघडलेल्या. मग तिनं रोप हळूच ओढून पाहिलं. मूळ येईना. आणखी ओढलं, तर वीतभर आलं आणि तुटलं. तुटलं तिथं ते सुतळीएवढं जाड होतं.

"लेकाचं खाली गेलं तरी किती?" ती म्हणाली. हंसाबाईनं कपाळावर हात मारला.

खाली आणल्यावर फळं कुसकरून धुतली, बिया सावलीत सुकवल्या. आता त्या फोडायच्या कशा? मानीबाईनं टरफल बाईंना दाखवलं. "शिवन हाये याले. शिवनीवर मारलं तं उघडन. आतलं दुखावलं नाही पाह्यजे."

हातोडीनं मारलं, पीठ झालं. अडकित्त्यात धरलं, दोन तुकडे आणि आतली चारोळीही दोन तुकडे. तिसऱ्या दिवशी मानीबाईनं जुना पाटा मागितला. टाकीच्या घावांच्या खाचेत बी उभी बसली, शिवण वर. वरवंट्याचं टोक अलगद टेकवलं आणि तळहातानं एक थाप दिली. टिक. नुसती रेघ उमटली. शिवण उघडली नव्हती आणि मिटलेलीही नव्हती.

"हे! हेच!" रत्नप्रभाबाई ओरडल्या. त्या पाट्यासमोर गोणपाटावर बसल्या आणि स्वतः मारू लागल्या. त्यांच्या पहिल्या दहातल्या आठ फुटल्या. मानीबाईच्या दहातल्या तीन फुटत, मग दोन. दोघींचे अंगठे निळे पडले. बाई चुकल्या की मानीबाई हसे, मानीबाई चुकली की बाई. चौथ्या दिवशी दुपारी एकशे वीस चांगल्या बिया ओल्या गोणपाटावर मांडून झाल्या. बाईंनी दोनदा मोजल्या.

"उद्या सकाळी थैल्यांत लावू," असं सांगून त्या बाजाराच्या गाडीनं घाटंजीला गेल्या. हंसाबाईही घरी गेली.

मानीबाई झारीनं गोणपाट भिजवत होती. तांड्याच्या अंगानं ढग उतरला होता, आणि बघता बघता तिकडं पाणी पडून गेलं. वास आला. तिची नजर बियांवरून थैल्यांच्या रांगेवर गेली. थैली वीतभर. खडकातलं मूळ वीतभर येऊन तुटलं होतं, संपलं नव्हतं. याच्यात हे मावन का? आणि उघड्या मातीत लावलं तर? विचारायला कुणी नव्हतं. चीर पडलेली बी उन्हात एक दिवस टिकायची नाही, आणि ओल आज होती.

तिनं वीस बिया ओल्या फडक्यात बांधल्या. आपल्या वावराच्या धुऱ्यावर जाऊन सब्बलीनं वीस भोकं पाडली, एकेक बी ठेवली, माती लोटली, वर पऱ्हाटीच्या काड्या खोचल्या. सकाळी गेल्या गेल्या बाईले सांगाचं, असं घोकत ती घरी आली.

पण सकाळी बाईंनी आधीच मोजलं होतं. शेडमध्ये हंसाबाई उभी होती आणि रोपं न्यायला आलेला गाडीवाला, रामधन, बिडी पेटवत होता.

"वीस कमी आहेत," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. "काल शेवटी इथं कोण होतं?"

"मीच होतो," मानीबाई म्हणाली. "बाई, मी..."

"ती कमरेची पिशवी दाखवा."

मानीबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं पिशवीची नाडी सोडली आणि पाट्यावर उलटी केली. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, एक मोडका कंगवा. रामधननं मान दुसरीकडं केली, पण कान इकडंच होते.

"वीस मीच नेल्या. काल. त्या आता मातीत हायेत, आमच्या धुऱ्यावर. मले पाह्याचं होतं थैलीबिगर..."

"न विचारता?" बाईंचा आवाज चिरकला. "तीन वर्षं! तीन वर्षांनी हातात एकशे वीस बिया आल्या आणि तुम्ही... याला चोरी म्हणतात, मानीबाई."

मानीबाईनं कंगवा उचलला, पुडी उचलली, डबी उचलली. तांड्यातल्या माणसाला हा शब्द नवा नसतो. आजाच्या काळापासून पोलीसपाटलापासून वाण्यापर्यंत सगळ्यांनी तो वापरलेला. नवं एवढंच होतं की काल याच बाईच्या मांडीला मांडी लावून ती हसली होती.

"आनल्या बी मीनंच होत्या टेकडीवरून," ती म्हणाली आणि निघाली.

ती परत गेली नाही. मृग लागला. धावजीनं पुन्हा कपाशीच लावली, अर्ध्या वावरात तूर. दुसरं काय लावणार? मानीबाई सरीवर वाकून बी टोके आणि ओळ संपली की धुऱ्याशी थांबे. धावजी आपल्या बोलीत ओरडे, "कांई देकरी छी?" काय बघतेस? ती वाकून माती न्याहाळी. माती तशीच होती. शेजारी गवत उगवलं, तरोटा उगवला, बियांची जागा तशीच.

चोविसाव्या दिवशी एके ठिकाणी मातीला भेग पडली. केसाएवढी. दुसऱ्या दिवशी त्यातून वाकलेली पाठ दिसली, जशी ओझं उचलणाऱ्या माणसाची असते. डोक्यावर टरफलाची टोपी. मानीबाई पालथी पडून पाहत राहिली. टोपी काढू का? बोट पुढं नेलं, मागं घेतलं. संध्याकाळपर्यंत ती आपोआप पडली.

वीसातल्या अकरा उगवल्या. दोन खारीनं खाल्ल्या. नऊ राहिल्या. तिनं भोवती काटेरी बोराट्या रोवल्या. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या दिवशी धावजी बैल घेऊन धुऱ्यापाशी आला, बोराट्या पाहिल्या, शिवी हासडली. पण डवरा उचलून पलीकडं टेकवला. ती पाहत होती हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मधूनच हंसाबाई भेटे. तिच्याकडून बातमी कळे. थैल्यांतल्या साठ उगवल्या, बाईनं पेढे वाटले. पुढच्या वेळी कळलं, पानं पिवळी पडून राह्यली. त्याच्या पुढच्या वेळी हंसाबाई म्हणाली, "रोज चार-पाच मरतात व. बाई जेवत नाही धड. मी सांगतलं, मानीच्या धुऱ्यावर नऊ जित्ते हायेत म्हनून."

"कायले सांगतलं?" मानीबाई चिडली. पण लगेच म्हणाली, "पिवळी पडतात थे आधी वरची का खालची?"

पोळ्याला आठ दिवस असताना रत्नप्रभाबाई आल्या. एकट्या, पायी, हातात छत्री, चपलांना शेरशेर चिखल. मानीबाई निंदत होती. ती उठली नाही. विळा चालूच ठेवला.

"सतरा राहिलेत," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पाणी कमी केलं, जास्त केलं, सावली केली, ऊन दिलं." बराच वेळ त्या छत्री मिटत-उघडत उभ्या राहिल्या. "मी पाहू का तुमचे?"

मानीबाईनं विळ्यानंच धुरा दाखवला. बाई जाऊन वाकल्या. नऊ रोपं, पानं जाड, हिरवीगार, कातड्यासारखी. उंची मात्र वीतभरही नाही. थैलीतल्यांची उंची याहून जास्त होती. बाईंनी तसं म्हटलं आणि मानीबाईचा विळा थांबला.

"थैलीतले उंच हायेत?"

"हो. बोटभर तरी."

"अन् तरी मरतात?"

ती उठली. आता तिला राहवेना. "बाई, याचं सारं खाली असन. एक उपटून पाहा लागते."

"नको, नको! नऊच आहेत."

"आठ राह्यतीन. पन समजन त्."

तिनं कडेचं एक निवडलं. रोपाला हात लावला नाही. हातभर अंतर सोडून सब्बल मारली आणि खड्डा आडवा रोपाकडं नेत गेली. माती मऊ होती तोवर भरभर, मग मुरूम लागला. रत्नप्रभाबाईंनी छत्री टाकली आणि खुरपं घेतलं. दोघी चिखलात गुडघे रोवून समोरासमोर. पांढरट मूळ दिसलं, सरळ, एकही फाटा न फोडता खाली गेलेलं. वीतभर झालं. दीड वीत झाली.

"मानीबाई, मी त्या दिवशी..."

"थांबा, मूळ तुटन!"

बाई बोटांनी माती काढू लागल्या. तिकडून धावजी आला. काय चाललंय ते त्याला कळेना. बायको आणि शहरातली बाई एका खड्ड्यात डोकी घालून बसलेल्या. त्यानं पाहिलं, आणखी वाकून पाहिलं, आणि बघता बघता सब्बल हातात घेऊन पलीकडच्या अंगानं मुरूम फोडायला लागला.

"अजून हाये?" तो म्हणाला.

"अजून हाये."

शेवटी टोक आलं. मानीबाईनं मूळ हातावर आडवं धरलं. मधल्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत आणि वर चार बोटं. वरचं रोप तिच्या तळहाताएवढं. धावजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आधी पाय रोवते लेकाचं," तो म्हणाला, "मंग डोकं काढते," आणि बैलांकडं गेला.

रत्नप्रभाबाईंच्या हाताला माती होती, त्यांनी मनगटानं डोळे पुसले. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चोर नाही. मी बोलायला नको होतं."

"इथं कोन हाये आयकाले?" मानीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी बी न इचारता नेल्या, थे माही चूक. मले तुमी बजारातून येईस्तोर थांबाले पाह्यजे होतं. पन तुमी जिथं बोल्ल्या तिथंच बोला, बाई. हंसी होती, थो रामधन होता."

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

रामधन परवाच्या दिवशी शेवगा न्यायला येणार होता. मानीबाई त्या दिवशी गेली, पण शेडच्या आत शिरली नाही. खांबाशी उभी राहिली. रत्नप्रभाबाई हातातली यादी खाली ठेवून मध्ये आल्या. तीस वर्षांत त्यांनी कचेरीत कुणाची माफी मागितली नसावी, शब्द जुळवताना घाम फुटला.

"वैशाखात मी मानीबाईंना इथं, तुमच्यासमोर चोर म्हटलं. पिशवी झाडायला लावली. ते खोटं होतं. त्यांनी केलं म्हणून आपल्याला कळलं की चाराचं रोप थैलीत का मरतं. मी माफी मागते."

हंसाबाई पदराशी चाळा करत राहिली. रामधन "जाऊ द्या न, बाई," असं काहीतरी पुटपुटला. "जाऊ कायले देऊ?" मानीबाई म्हणाली. "आयकलं न तुमी? मंग झालं."

ती आत आली. उरलेल्या सतरातलं एक मेलेलं रोप तिनं उचललं, ब्लेड मागितलं आणि थैली उभी चिरली. मातीचा गोळा हातात आला. झटकला. मूळ खाली पोचून वळलं होतं, पुन्हा वर आलं होतं, पुन्हा वळलं होतं, घागरीखालच्या चुंबळीसारखं गोल गोल, आणि आतल्या वेढ्यात कुजून काळं झालं होतं. मानीबाईनं बोटानं एकेक वेढा सोडवला. सोडवून झाल्यावर ते मूळ धुऱ्यावरच्यापेक्षा थोडंसंच कमी भरलं.

"पाहा," तिनं ते बाईंच्या हातात दिलं.

रत्नप्रभाबाई ते उजेडाकडं धरून उभ्या होत्या. हंसाबाईही जवळ आली, रामधननं बिडी विझवली. मानीबाई तोवर बाकीच्या सोळा रोपांपाशी उकिडवी बसली होती, थैल्यांचं बूड बोटानं चाचपत.

"हे आजच काढा लागतीन, बाई, वावरात लावाले," ती म्हणाली. "अन् पुढच्या साली बिया टेकडीवरच टोचू, पानी पडल्या पडल्या. थैलीत लावाच्याच असतीन त् सांगा, हातभर लांब थैली कुठं भेटते? यवतमाळले भेटन का?"